टीव्ही बंद, तोही सगळ्यांचा

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक चांगला पायंडा पाडला. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद आणि मुले अभ्यासाला. शहरातल्या सोसायट्यांना हे का जमू नये? मात्र मुलांना दटावायचे आणि आजी-आजोबांची मालिका चालूच, असे केले तर काडीचाही उपयोग नाही. आमच्याकडे त्या वेळात नातवंडे मटार सोलतात, पाच-तीन-दोनचा डाव मांडतात, हात ओढण्यावरून कडाकडा भांडतात. भांडू द्यावे! दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासाभराहून जास्त स्क्रीन नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितले आहे. गृहनिर्माण संस्थांनी येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय जरूर घ्यावा.

– एक आजोबा, पुणे