सोमवारचे धुणे
महोदय,

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकी ग्रामजीवनाविषयी आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा शेतकऱ्याचा नांगर दिसतो, घरातील बाईचे कष्ट मात्र दिसत नाहीत, याची मनापासून खंत वाटते. सोमवार हा बहुधा धुण्याचा दिवस; विहिरीचे पाणी बादल्यांनी आणायचे, चुलीवर तापवायचे, खाचांच्या फळीवर घासून घासून कपडे धुवायचे आणि मंगळवारी त्याच चुलीवर तापवलेली जड लोखंडी इस्त्री फिरवायची, यात आईबरोबर लहान मुलीही राबत. १ जानेवारी १९१३ पासून पार्सल टपाल सुरू झाल्याने जिन्नस घरपोच येऊ लागले, हे खरे. पण वीज १९३५ पर्यंतही दहांतल्या जेमतेम एका शेतघरात पोहोचली होती. या राबणाऱ्या हातांविषयी आपण सविस्तर लेख छापावा, ही आग्रहाची विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, सातारा