कुळाचा शोध घेणाऱ्यांनी आधी घरात विचारावे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. खान्देशातील घराण्यांच्या वंशावळी, जुन्या नोंदी आणि गावांची माहिती विनामूल्य उपलब्ध करून देणारी दोन संकेतस्थळे, एक जळगाव जिल्ह्यासाठी आणि दुसरे धुळे-नंदुरबारसाठी, मी काही सहकाऱ्यांच्या मदतीने चालवतो. आम्ही सारे आपापली नोकरी किंवा शेती सांभाळून हे काम करतो. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की चौकशीची पत्रे वाढू लागतात आणि पितृपक्षात तर त्यांची रीघ लागते. दोन-तीन पिढ्यांपूर्वी सुरतेला, मुंबईला, पुण्याला गेलेल्या खान्देशी कुटुंबांना आपले मूळ गाव, पणजोबांचे नाव, कुळदैवत यांची माहिती हवी असते. ही ओढ मला फार मोलाची वाटते. म्हणूनच या पत्रांना नीट उत्तर देता यावे यासाठी विचारणाऱ्यांनी काय करावे, ते आपल्या वाचकांपुढे मांडण्याची परवानगी असावी.

बहुतेक पत्रे दोन ओळींची असतात. ‘आमचे आडनाव पाटील, मूळ गाव टाकळी, तालुका चाळीसगाव. कृपया वंशावळ पाठवावी.’ घरात आजवर गावाचे नाव एवढेच घेतले गेले असल्यामुळे लिहिणाऱ्याला हे पुरेसे वाटते. परंतु एकट्या चाळीसगाव तालुक्यात टाकळी प्र. चा. आणि टाकळी प्र. दे. अशी दोन गावे आहेत, आणि पाटील हे आडनाव मराठा, लेवा, गुजर, राजपूत अशा कितीतरी समाजांत आहे, कारण ज्याच्या घराण्यात गावची पाटीलकी होती तो पाटील झाला. गावाच्या नावामागे लागणारे ‘प्र.’ ही जुन्या परगण्याची खूण आहे. ती किंवा बुद्रुक-खुर्द गाळले की शोध पहिल्याच पायरीवर अडतो. आडनावापेक्षा गावाचे पूर्ण नाव आम्हाला अधिक उपयोगी पडते.

गाव कळल्यावरही ते कोणत्या काळी कोणत्या जिल्ह्यात होते, हे पाहावे लागते. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा मालेगाव आणि बागलाण खान्देशातून तिकडे गेले. १९०६ मध्ये उरलेल्या जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम खान्देश असे दोन भाग झाले, पुढे त्यांनाच जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. त्यामुळे शहाद्याच्या आजोबांच्या जुन्या दाखल्यावर ‘पश्चिम खानदेश’ असते आणि नातू ते गाव नकाशावर शोधत राहतो. एदलाबादचे मुक्ताईनगर झाले, धरणगाव पूर्वी एरंडोल तालुक्यात होते. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडित क्षेत्रात गेली. तिथल्या कुटुंबांचे पुनर्वसनाचे ठिकाण आणि मूळ गाव ही दोन्ही नावे पत्रात असावी लागतात.

आता प्रत्यक्ष नोंदींविषयी. गाव नमुना नंबर १४, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, त्याचे जुने पान पाहिल्याशिवाय आमची अडचण लक्षात येत नाही. मजकूर अनेकदा मोडीत असतो. जन्माच्या रकान्यात बाळाचे नाव बहुधा नसतेच, कारण नोंद झाली तेव्हा बारसे झालेले नसे. तेथे बापाचे नाव, आजोबांचे नाव, जात आणि मुलगा की मुलगी, एवढेच सापडते. आडनावाचीही खात्री नसते. ‘किसन वलद तुकाराम’ असे लिहिलेले असते आणि त्या गावात त्या काळी तुकारामाचे किसन दोन-तीन तरी असतात. १९१८ च्या अखेरच्या महिन्यांतील पाने उघडली तर मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या, साथीत गेलेल्या माणसांची नावे एकाखाली एक लागलेली दिसतात आणि कारण म्हणून ‘ताप’ एवढाच शब्द असतो. अशा पानावरून अमुकच माणूस तुमचे पणजोबा, असे सांगायचे तर त्याच्या भावाचे नाव, बायकोचे माहेर, शिवारातील शेताचे नाव, असा काहीतरी दुसरा दुवा हातात असावा लागतो, आणि तो दुवा कचेरीत नसतो, तुमच्या घरात असतो.

म्हणून माझी मुख्य विनंती अशी की, आम्हाला लिहिण्याआधी घरातील वडीलधाऱ्यांना, विशेषतः बायकांना विचारावे. आखाजीला सकाळी उंबरठ्याची पूजा होते तेव्हा कुंकवाचे एकेक बोट उमटवत घरातील गेलेल्या माणसांची नावे घेतली जातात. ती नावे त्याच क्रमाने कोणीतरी कागदावर उतरवून घ्यावीत. सासरहून आलेल्या लेकी, आत्या, आत्याच्या मुली त्या दिवसांत माहेरी असतात आणि कोण कोणाकडे दिली, कोणती सून कुठल्या गावची, हे त्यांना जितके पाठ असते तितके घरातील पुरुषांना नसते. श्रावणात कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, घरातील माणसांच्या नावाने सवा मूठ धान्य घेतात आणि रोट भाऊबंदांतच वाटला जातो. रोट कोणाकोणाकडे जातो, या एका प्रश्नाच्या उत्तरात भाऊबंदकीची अर्धी वंशावळ मिळते. अजून एकाही पत्रात मला ही माहिती आपणहून दिलेली आढळलेली नाही.

बायकांविषयी आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. भाटांच्या पोथ्यांत, तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आणि आपण स्वतः काढलेल्या वंशावळीतही बहुतेक वेळा मुलींची नावे नसतात. त्या सापडतात वारसाच्या फेरफारात, आणि पुष्कळदा त्याच्याच पाठोपाठ आलेल्या हक्कसोडपत्रात. ज्या कागदावर बहिणीने आपला हिस्सा सोडला, तोच कागद तिच्या अस्तित्वाचा एकमेव लेखी पुरावा ठरावा, याचे मला प्रत्येक वेळी वाईट वाटते. चौकशी करणाऱ्यांनी आत्या आणि पणजी यांची नावेही विचारावीत, एवढे तरी आपण करू शकतो.

जातपडताळणीसाठी येणारी पत्रे वेगळी असतात. त्यांना मुदत असते, मुलाचा प्रवेश किंवा नोकरी अडलेली असते आणि घाई स्वाभाविक असते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या तारखांपूर्वीचा पुरावा लोक शोधतात. आमच्या संकेतस्थळावरील वंशावळ हा असा पुरावा नव्हे. त्यासाठी तहसील कार्यालयातून कोतवाल बुकाची किंवा फेरफाराची नक्कल घ्यावी लागते आणि शाळेतून दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढावा लागतो. कोणते गाव आणि कोणते वर्ष मागायचे, एवढे मात्र आम्ही सुचवू शकतो. धुळे जिल्ह्यातील जुने सातबारे आणि फेरफार शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावरही पाहता येतात. आम्ही शिक्का मारून कागद द्यावा, असा आग्रह काहीजण धरतात आणि नकार दिला की रागावतात. तसा कागद देणे गैर आहे आणि तो समितीपुढे टिकणारही नाही.

हयात माणसांची माहिती आम्ही कोणालाही देत नाही. ‘आमचे चुलत भाऊबंद सध्या कुठे राहतात, फोन नंबर द्या’ असे विचारणारे बहुतेक लोक प्रेमाने विचारतात, पण काहींच्या मागे जमिनीचा वाद असतो, आणि पत्रावरून हे दोन प्रकार ओळखता येत नाहीत. शिवाय जन्मतारीख आणि आईचे माहेरचे आडनाव ही माहिती बँकेत ओळख पटवण्यासाठी विचारली जाते, ती उघड्यावर टाकणे धोक्याचे आहे. अशा वेळी समोरच्या कुटुंबाला तुमचे पत्र पोहोचवतो आणि उत्तर द्यायचे की नाही, हे त्यांच्यावर सोपवतो.

आमच्या उत्तरात प्रत्येक नावापुढे ते कुठून घेतले, याचा उल्लेख असतो: कोतवाल बुक, फेरफार क्रमांक, भाटाची पोथी, की कोणाच्या तोंडची आठवण. जिथे नोंद सापडत नाही तिथे ‘सापडली नाही’ असे आम्ही लिहितो. वंशावळ अर्धवट का ठेवली, म्हणून लोक नाराज होतात, पण मधली एक पिढी अंदाजाने भरली तर पुढचा शोधणारा तीच खरी मानून चालतो आणि ती चूक मग घराघरात पसरते.

ज्यांच्या घरी पाटीलकी, कुळकर्णीपण किंवा सावकारी होती, त्यांच्याकडे मोडीतील दप्तरे अजून माळ्यावर असू शकतात. ती विकू किंवा जाळू नयेत. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेत नेऊन दाखवावीत. आम्हाला पाठवायचे असल्यास मूळ कागद पाठवू नये, दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे पाठवावीत, आणि गाव, तालुका, अंदाजे साल, माहिती सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांचे नाते, एवढे सोबत लिहावे. उत्तराला काही आठवडे लागतात, पण प्रत्येक पत्राला उत्तर दिले जाते.

यंदाच्या आखाजीपूर्वी हे पत्र आपल्या दैनिकात छापले गेल्यास आभारी राहीन.

आपला,
खान्देशातील वंशावळ संकेतस्थळांचा एक स्वयंसेवक, जळगाव