बाबांचं दूध सुरू कर

कुलाबा, मुंबई
26 जुलै 2025

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलता आलं असतं. पण बाबांना आता फोनवरचं निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेलं निम्मं आई "ती विचारतेय, जेवलात का" एवढ्यात गुंडाळते. म्हणून लिहितेय. बाबांनी चष्मा लावून आईला मोठ्यानं वाचून दाखवावं. मधलं काही गाळू नये.

आधी महत्त्वाचं. आई, बाबांचं दूध सुरू कर. नाचणीची आंबीलसुद्धा.

दादानं सांगितलं तेव्हा मला खरंच वाटेना. शेजारच्या मुलाकडून तू बाबांच्या बीपीच्या गोळीचं नाव मोबाइलवर बघून घेतलंस, त्यात ‘कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर’ असं निघालं, आणि तू हिशेब मांडलास की यांची गोळी कॅल्शियम अडवणार, मग दूध-नाचणी अंगी कशी लागणार, उलट कुठेतरी तुंबून बसायची. दीड महिना हा माणूस कोरा चहा पितोय आणि मला चकार शब्द बोलला नाही!

खूप हसले, आणि मग ओशाळले. पंचवीस वर्षं मी दुसरं काही करत नाही गं. कॅल्शियम आणि त्याची दारं, एवढंच. आणि माझ्याच घरात ते कुणाला माहीत नाही. तू शेजारणींना सांगायचीस, "आमची मनू कॅल्शियमवर काम करते." मग त्या मला गुडघ्यासाठी कुठली गोळी चांगली ते विचारायच्या आणि मी "डॉक्टरांना विचारा हं" म्हणून सटकायचे. समजावून सांगायचा कंटाळा, दुसरं काय. तर आता सांगते.

माणसाच्या अंगात साधारण एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं 99 टक्के हाडांत आणि दातांत. तुझी रात्रीची कॅल्शियमची गोळी त्या खात्यातली. माझा संबंध उरलेल्या एक टक्क्यातल्याही कणभर भागाशी, जो पेशींच्या आत असतो, किंवा खरं म्हणजे नसतो. पेशीच्या बाहेर जेवढं मोकळं कॅल्शियम आहे, त्याच्या जवळजवळ दहा हजारावा हिस्साच आत असतो. हिंदमाता आठवतंय ना? दादरला चारी बाजूंनी पाणी उतरायचं आणि पंप चालू ठेवावे लागायचे. प्रत्येक पेशी म्हणजे भर पावसातली हिंदमाता. बाहेरचं कॅल्शियम आत घुसायला बघतं आणि पेशी ते रात्रंदिवस उपसत असते. थोडं बाहेर टाकते, थोडं आतल्याच एका टाकीत भरून ठेवते. तू केलेल्या भाकरीतली थोडी ताकद नुसती या उपशात जाते.

एवढी दगदग कशाला? कारण पेशीचा सगळा व्यवहार फॉस्फेटवर चालतो, आणि कॅल्शियम-फॉस्फेट एकत्र आले की खडा बनतो. हाड त्याचंच बनलेलं असतं. जे बाहेर हाड म्हणून हवं, तेच आत झालं तर पेशीचा दगड होईल. म्हणून ते आधी हाकलून दिलं. आणि एकदा आत एवढा कोरडेपणा आल्यावर त्याचा दुसरा उपयोग निघाला: दार क्षणभर किलकिलं केलं तरी आत एकदम कळतं. आखडायची वेळ झाली हे स्नायूला असंच कळतं, पुढच्या नसेला निरोप द्यायचा हे मज्जापेशीला असंच कळतं. गर्भधारणेच्या क्षणी बीजांडात कॅल्शियमची लाट उठते, हे आईवडिलांना पत्रात लिहायला जरा लाजल्यासारखं होतं, पण आपल्या सगळ्यांची सुरुवात तशीच झाली.

बाबांची अ‍ॅमलोडिपिन एवढंच करते: रक्तवाहिन्यांच्या भिंतीत बारीक स्नायू असतात, त्यांच्या एका जातीच्या दारांना अडसर घालते. कॅल्शियम कमी शिरलं की ते स्नायू सैलावतात, वाहिनी रुंद होते, दाब उतरतो. दुधातलं कॅल्शियम पोटातून रक्तात आणि तिथून हाडात जातं, त्या वाटेवर ही गोळी उभीच नसते. पाय सुजतात ते मात्र या गोळीनं होऊ शकतं. ते डॉक्टरांना सांगा, गोळी आपल्या मनानं बंद करू नका. आणि आई, तुझी गोळी ते आणि त्यांची गोळी तू, असले प्रयोग मनातही आणू नकोस. मी तुला ओळखते.

गेल्या वर्षी डेंग्यूत तुला सलाइन लावलं होतं. तू बाटलीवरचं वाचून विचारलंस, "रिंगर म्हणजे काय गं?" मी म्हटलं, "कंपनी असेल." इतकी दमले होते की थाप मारली. रिंगर हे माणसाचं नाव. सिडनी रिंगर, लंडनचे डॉक्टर. बेडकाचं हृदय बाहेर काढून मिठाच्या पाण्यात किती वेळ धडधडतं ते बघत होते. छान धडधडत होतं. 1882 मध्ये त्यांनी तसं छापलंही. नंतर कळलं की ज्याला ते शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी समजत होते ते साधं नळाचं होतं. मदतनिसानं नळाखाली भांडं धरलं होतं असं सांगतात. खऱ्या शुद्ध पाण्यात मीठ घालून बघितलं तर हृदय बंद! लंडनच्या नळाला चुनखडीचं कॅल्शियम यायचं, ते थोडं घातलं की पुन्हा सुरू. 1883 मध्ये त्यांनी आपली चूक स्वतःच छापून दुरुस्त केली. मला त्या शोधापेक्षा ही दुरुस्ती जास्त आवडते. तुझ्या हातात थेंब थेंब चाललं होतं त्यात ते कॅल्शियम होतं.

आमच्या धंद्यात पाण्याचे असे घोळ फार. ओसामू शिमोमुरा म्हणून जपानी शास्त्रज्ञ 1961 साली अमेरिकेच्या किनाऱ्यावर हजारो जेलीफिश गोळा करून त्यांचा उजेड कशानं पडतो ते शोधत होते. एक दिवस वैतागून त्यांनी अर्क मोरीत ओतला, आणि मोरी निळी उजळली. मोरीत समुद्राचं पाणी पडत होतं. समुद्रातल्या कॅल्शियमनं तो उजेड पेटवला होता. त्याच जेलीफिशमध्ये एक हिरवा चमकणारा पदार्थही मिळाला. त्यासाठी 2008 चं नोबेल तिघांत वाटलं गेलं. शिमोमुरांबरोबरच्या दोघांतले एक रॉजर त्सिएन. कॅल्शियम आलं की रंग बदलणारे, पेशीत सोडता येणारे पदार्थ त्यांनीच आधी बनवले होते. 1985 सालचा त्यांचा फ्युरा-2 मी पीएचडीत इतका वापरलाय की स्वप्नातही त्याची कुपी सांडायची. आता तर तो हिरवा पदार्थ कॅल्शियमवर चमकेल असा जोडून माशीच्या जनुकांतच घालता येतो.

माशी म्हणजे चिलट. केळ्यावर बसतं ते. मुलगी टाटा इन्स्टिट्यूटमध्ये लागली म्हणून तू पेढे वाटलेस आणि नंतर कळलं की ती मक्याच्या पिठाची खीर शिजवून बाटल्यांत चिलटं पाळते. तुझा चेहरा मला अजून आठवतो. पण चिलटांचं हे घराणं मोठं आहे गं. ओबेद सिद्दीकी यांनी 1962 मध्ये कुलाब्याला आमच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये रेणूजीवशास्त्राचं खातं सुरू केलं, पुढे बंगळुरूला एनसीबीएस ही जीवशास्त्राची संस्था उभी केली. तिथे गायत्री नव्हे, गैती हसन (तू नाव नेहमी चुकवायचीस) यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलेली गोष्ट मी मुलांना दर वर्षी सांगते. पेशीतल्या त्या टाकीला एक दार आहे. त्याची किल्ली म्हणजे आयपी3 नावाचा रेणू, हे 1983 मध्ये मायकेल बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखलं. हसनबाईंच्या काही माशांत या दारातच खोट होती. माशी चालते, खाते, पंखही असतात, पण उडत नाही. दोष पंखांत नव्हता, मज्जापेशींत होता. बाबा, तुमच्या रेल्वेच्या भाषेत गाडी ठीक, रूळ ठीक, सिग्नल पडत नाही.

तुम्ही निवृत्तीनंतर एकदाच आमच्याकडे आला होतात. मी अंधाऱ्या खोलीत तुम्हाला माशीचा मेंदू दाखवला, हिरवे ठिपके लुकलुकत होते. तुम्ही म्हणालात, "हे तर केबिनचं पॅनेल." मला बरं वाटलं. मग तुम्ही विचारलंत, "आणि दिवा नसतो तेव्हा काय चाललेलं असतं?" मी म्हटलं, "काही नाही, तेव्हा विश्रांती." तुम्ही मान हलवलीत, पण तुम्हाला पटलं नव्हतं. पस्तीस वर्षं सिग्नल मेंटेनर असलेल्या माणसाला असं उत्तर द्यायला नको होतं. बाबा, तेव्हाच तर सगळं चाललेलं असतं. पंप चालू असतात, टाकी भरली जात असते, दारं बंद धरलेली असतात.

एका बाबतीत मात्र रेल्वे पेशीपेक्षा शहाणी. रुळात पाणी भरलं की ट्रॅक सर्किट, म्हणजे रुळांतून फिरणारी वीज, जातं, त्या विजेवर धरलेला रिले पडतो, सिग्नल लाल होतो, गाडी थांबते. बिघडलं तरी सुरक्षित बाजूला बिघडावं अशी रचना तुम्हीच मला समजावलीत. पेशीत तशी सोय नाही. आत्याला अर्धांगवायू झाला तेव्हा मेंदूच्या एका भागाचं रक्त थांबलं. रक्त नाही म्हणजे ताकद नाही, म्हणजे पंप बंद. कॅल्शियम आत घुसतं ते घुसतंच, आणि जी विकरं एरवी पेशीच्या कामाला हातभार लावतात ती पेशीलाच खाऊ लागतात. म्हणून तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेव्हा आपण सकाळपर्यंत वाट बघितली. तुमच्यापैकी कुणाचं तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर वाट बघायची नाही. गाडी काढायला दादाला अर्ध्या रात्री उठवा.

आज 26 जुलै. मुंबईतल्या त्या पुराला वीस वर्षं झाली.

त्या दिवशी मी कुलाब्यात होते. पीएचडीचं शेवटचं वर्ष. पहिली दोन वर्षं मी अख्ख्या पेशीतल्या कॅल्शियमची सरासरी काढण्यात घालवली होती आणि आलेखावर कधी धड काही दिसत नव्हतं. त्या मंगळवारी दुपारी पहिल्यांदा पेशीच्या एकाच टोकावर लक्ष धरलं, आणि सिग्नल आला. स्वच्छ, पुन्हा पुन्हा. बाहेर पाऊस होता, पण कुलाब्यात नेहमीसारखाच. मी रात्री अकरापर्यंत खिडकीसुद्धा उघडली नाही.

नंतर पेपरात आकडे आले: सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर, कुलाब्याला 73. एकच शहर. दोन्हींची सरासरी काढून कुणाला काय कळलं असतं? पेशीत कॅल्शियम असंच येतं. दाराच्या तोंडाशी पूर, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढं पुढे गेलं की जवळजवळ कोरडं. रोडोल्फो लिनास आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये स्क्विड नावाच्या समुद्री प्राण्याच्या मज्जापेशीत हे दाखवलं होतं, मी ते वाचलंही होतं. पण डोक्यात शिरलं त्या आकड्यांनी. ते दोन आकडे मी अजून वर्गात फळ्यावर लिहिते. आता समोर बसलेल्यांपैकी काहींना तो पूर आठवतही नाही.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, बाबा. कारण त्या पुरात कुर्ल्याला तुम्ही होतात. मी गुरुवारी घरी आले. तुम्ही पलंगावर बसला होतात, पाय कोमट पाण्याच्या बादलीत. आणि मी पिशवीसुद्धा खाली न ठेवता अर्धा तास माझ्या आलेखांबद्दल बोलत राहिले. तुम्ही ऐकून घेतलंत. "मग आला का सिग्नल?" असंही विचारलंत. तुमचे पाय भिजून पांढरे पडले होते, टाचेची कातडी सुटली होती, ते मी पाहिलं आणि मला दिसलं नाही. छातीभर पाण्यात रुळावरून चालत तुम्ही लोकांना गाडीतून उतरवून फलाटावर आणत होतात, हे मला तुमच्या निरोप समारंभात, दोन वर्षांनी, तुमच्या मुकादमाच्या तोंडून कळलं. आईला तेव्हाच माहीत होतं. तीही बोलली नाही. आपल्या घरात ही खोड आहेच, दूध बंद झालं तरी कुणी बोलत नाही.

ऐकू येण्याचं राहिलंच. कानाच्या आतल्या केसपेशी आवाजानं हलल्या की तिथेही कॅल्शियमच शिरतं आणि मग नसेला निरोप जातो. माणसात त्या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तेव्हा यंत्र डब्यात ठेवून कान सुधारणार नाही, ते लावायचं.

आई, थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, कॅल्शियमची रात्रीच. दोन्हींत निदान चार तास हवेत, नाहीतर थायरॉइडची नीट शोषली जात नाही. गणपती 27 ऑगस्टला आहेत, मी आदल्या दिवशी पोचेन, तिकीट झालंय. येताना यंत्राच्या बॅटऱ्या आणते.

दूध सुरू झाल्याचं बाबांनी स्वतःच्या अक्षरात कळवावं. तुझ्या सांगण्यावर माझा विश्वास नाही.

तुमची,
मनू