देवावर रुसलायस तर रूस

अपशिंगे (मिलिटरी), जि. सातारा

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "मंदिर परेडला उभा राहतो, पण हात जोडवत नाहीत." तेवढ्यात फोन कट झाला. पप्पा म्हणाले, होईल हळूहळू. मला राहवेना, म्हणून लिहायला बसले.

पलटणीतला तुझा जोडीदार गोळाबारीत गेला आणि तुला देवाचा राग आला, यात पाप कसलं? आपल्यात माणूस गेलं की सुतक धरतात. घरच्यांनी देवाला शिवायचं नाही, दिवा दुसऱ्या कुणी लावायचा. लोक विटाळ म्हणतात. मला वाटतं, ज्यानं ही रीत घातली त्याला ठाऊक असणार, त्या दिवसांत देवाचं तोंड बघवत नाही.

पण तेरा दिवसांत सगळ्यांचंच फिटतं असं नाही. थोरले काका १९७१ च्या लढाईत गेले. तेव्हा आतासारखं तिरंग्यात घरी आणत नव्हते, ते कारगिलपासून सुरू झालं. माती तिकडंच झाली. आधी तार आली, मागनं ट्रंक. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. एकेकानं शब्द दिले, धाकट्याला सांभाळू, आईला अंतर देणार नाही. दुपार कलली तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. आज्जीला कळलं तशी म्हणाली, "माझं पोरगं गवताच्या कावळ्यानं समाधान पावणार व्हय?"

पौषात पालीची यात्रा आली, ती गेली नाही. खंडोबा कुलदैवत, तरी कैक वर्षं भंडारा कपाळाला लावला नाही. गावातल्या स्तंभापुढं मात्र थांबायची. पहिल्या महायुद्धात आपल्या गावचे ४६ जण गेले, त्यांच्या आयांनी दहावं तरी कशाचं घातलं असंल, म्हणायची.

मी लग्न होऊन आले तोवर ती पुन्हा पालीला जायला लागली होती. मी एकदा विचारलं, राग कसा गेला? म्हणाली, "त्याला काय, तो उभाच आहे. मीच कटाळले." १९९९ ला पप्पा कारगिलकडं होते, तेव्हा आळीतल्या बायका नवस बोलत होत्या. आज्जी दिवा लावायची, पण मागायची काही नाही.

तुला लगेच हात जोड म्हणत नाही. पलटणीतल्या धर्मगुरूंपाशी जाऊन नुसतं बस. तेही फौजीच, असली पोरं त्यांनी पाहिलेली असतात. झोप लागत नसेल तर मात्र डॉक्टरांना सांग, ते काम देवावर सोडू नको.

आणि तुझ्या जोडीदाराच्या आईला फोन कर. "देवाला प्यारा झाला", "देवाची मर्जी" असलं चुकूनही बोलू नको. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच ऐकवत असणार. तो मेसमध्ये काय मागून खायचा, कुणाच्या नकला करायचा, ते सांग. ती रडेल. फोन ठेवू नकोस.

त्यांचा जतचा पत्ता पाठव. महिन्याच्या आत पप्पा आणि मी जाऊन येतो. तिथं तिच्याजवळ बसायला फौजीची आई असलेली बरी. रजेचं काय झालं तेही कळव.

तुझी,
आई