रूथ, जहाजावर जाण्याआधी

प्रिय रूथ,

सप्रेम सलाम. सिएरा लिओनमधल्या फ्रीटाऊनला, मर्सी शिप्स या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या 'ग्लोबल मर्सी' या हॉस्पिटल-जहाजावर मोतीबिंदूची ऑपरेशनं करायला जाते आहेस, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तिथे पुण्यासारखा कोवळा मोतीबिंदू क्वचितच मिळेल. पांढराफटक किंवा काळपट, दगडासारखा कडक मिळेल. अशा डोळ्यात फेको (अल्ट्रासाउंडनं मोतीबिंदू फोडणारं यंत्र) फार वेळ चालवला तर कॉर्नियाचं, म्हणजे डोळ्यापुढच्या पारदर्शक थराचं, नुकसान होतं. हातानं केलेली एसआयसीएस, म्हणजे लहान छेदातून मोतीबिंदू काढण्याची शस्त्रक्रियाच बरी.

टेबलवर घेण्याआधी टॉर्च चारही बाजूंनी मारून उजेड कुठून येतो ते विचार. बाहुली आकसते का पाहा, डोळ्याचं प्रेशर घे. काचबिंदूनं किंवा रिव्हर ब्लाइंडनेसनं (काळ्या माशीच्या चाव्यातून होणाऱ्या जंतांच्या रोगानं) डोळ्याची नस गेली असेल तर भिंग बसवून काही उपयोग नाही. हे ऑपरेशनआधीच तिथल्या क्रिओ भाषेत नीट समजावून सांगायला लाव. खोटी आशा लावू नकोस.

टनेलवर, म्हणजे डोळ्यात शिरायच्या बोगद्यासारख्या छेदावर, सगळं अवलंबून आहे. लिंबसच्या (कॉर्निया आणि डोळ्याचा पांढरा भाग यांच्या सीमेच्या) मागे दीड-दोन मिमी, सहा-साडेसहा मिमी रुंद, स्क्लेराच्या, म्हणजे त्या पांढऱ्या भागाच्या, अर्ध्या जाडीत, आणि आतून बाहेरच्यापेक्षा रुंद. उथळ गेलीस तर वरचा पदर फाटतो. खोल गेलीस तर लवकर आत घुसतेस आणि आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत भाग) बाहेर येते. पांढऱ्या मोतीबिंदूत ट्रायपॅन ब्लू हा निळा रंग वापरल्याशिवाय रेक्सिस (मोतीबिंदूवरच्या पातळ पिशवीला, म्हणजे कॅप्सूलला, पुढून गोल छेद) करू नकोस. न्यूक्लियस, म्हणजे मोतीबिंदूचा कडक गाभा, मोठा असेल तर रेक्सिसच्या कडेला छेद दे, ओढाताण नको. काढताना त्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे व्हिस्को (आतल्या भागांना जपणारी चिकट जेल) हवंच. वरचं कमी पडलं की दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर कॉर्निया धुरकट दिसतो आणि पेशंट घाबरतो.

सुरुवातीला 5 टक्के पोविडोन-आयोडीन तीन मिनिटं ठेव. शेवटी सेफ्युरोक्झिम हे अँटिबायोटिक देशील तेव्हा पातळ स्वतः कर: 750 मिग्रॅच्या बाटलीत साडेसात मिली सलाईन, त्यातलं एक मिली घेऊन आणखी नऊ मिली, आणि त्यातलं फक्त 0.1 मिली डोळ्यात. म्हणजे एक मिग्रॅ. दुसऱ्यांदा पातळ करायचं विसरलं तर दहापट डोस जातो आणि पडदा खराब होतो. सिरिंजवर लेबल लावल्याशिवाय ती ट्रेमध्ये येऊ देऊ नकोस.

भिंगाचा नंबर मोजूनच घाल. सगळ्यांना सरसकट एकच नंबर घालणं हे दान नव्हे, हयगय आहे. कॅप्सूल फाटलीच तर व्हिट्रेक्टॉमी (पुढे आलेली डोळ्यातली जेली कापून काढणं) नीट कर, घाईत काही कोंबू नकोस.

प्रार्थना जरूर कर, मीही करतो. पण ऑपरेशनच्या बदल्यात प्रार्थनेला बसावं लागतं असं कुणालाही वाटता कामा नये.

आणि तिथला स्थानिक सर्जन रोज तुझ्या शेजारी असू दे. मिरजेत डॉ. वानलेसांनी 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल काढलं आणि स्थानिक मुलांना वैद्यक शिकवलं, म्हणून ते काम पुढे चाललं. जहाज एक दिवस बंदर सोडणार. सहा आठवड्यांनी चष्म्याचा नंबर कोण काढणार, पुढे मागची कॅप्सूल धुरकटली तर ती मोकळी करणारं याग लेझर कुठे होणार, हे पहिल्याच आठवड्यात ठरवून पेशंटच्या कार्डावर लिहून घे.

तुझे,
पप्पा