तुझ्या तलावाचे पाणी

कर्जत, जि. रायगड
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा पाण्याचा अहवाल मिळाला. पीएच (पाणी आम्लाकडे झुकते की अल्कलीकडे, याचे माप) ८.२, अल्कलिनिटी २४० पीपीएम (दहा लाख भागांत २४० भाग), कठिणता म्हणजे विरघळलेला चुना ५२० पीपीएम, हे आकडे वाचताच नाशिककडचे तुझे बोअरचे पाणी डोळ्यांपुढे उभे राहिले. तुझ्या गिझरची कॉइल ज्या पाण्याने पांढरी पडते, तेच तू पोहण्याच्या नव्या तलावात भरले आहेस. "क्लोरीन किती टाकू?" एवढेच तू विचारलेस, पण त्याचे उत्तर मी शेवटी देणार आहे. पीएच ७.५ च्या आसपास असताना पाण्यातल्या क्लोरीनपैकी सुमारे निम्मे जंतू मारण्याच्या कामाचे असते. ८.२ वर एकूणाच्या पाचव्या हिश्श्याइतकेही धड उरत नाही. म्हणजे आज टाकलेले बहुतेक क्लोरीन पाण्यात नुसते बसून राहील.

तेव्हा आधी अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद. ती पीएचला धरून ठेवते हे खरे, परंतु तुझ्याइतकी जास्त असली की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड सतत बाहेर पडत राहतो आणि पीएच पुन्हा पुन्हा वर चढतो. ती १०० च्या आसपास आणायची. तुझा तलाव आठ मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे ३०,००० लिटरचा. ३३ टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घेतलेस तर अल्कलिनिटी १० पीपीएमने उतरवायला सुमारे ५७० मिलीलिटर लागते, म्हणजे एकूण आठ लिटर. (फरशी धुण्याचे अ‍ॅसिड नको, त्याची तीव्रता बाटलीगणिक बदलते.) हे आठ लिटर एकदम ओतण्याचा मोह आवर. रोज संध्याकाळी पंप चालू ठेवून अर्धा लिटर अ‍ॅसिड पाण्याच्या बादलीत मिसळ आणि खोल बाजूला सावकाश सोड. बादलीत आधी पाणी आणि मग अ‍ॅसिड, हा क्रम कधीही उलटू नकोस. अ‍ॅसिडचा मग क्लोरीनच्या डब्यात गेला तर विषारी वायू सुटतो, म्हणून दोन्हींची भांडीच नव्हे, तर कपाटेसुद्धा वेगळी ठेव. मध्येच पीएच ७.२ वर आला तर अ‍ॅसिड थांबव, पाणी परत येणाऱ्या नळ्यांची तोंडे वर वळव आणि एक-दोन दिवस पाणी खळखळू दे. त्याने पीएच चढतो, अल्कलिनिटी मात्र होती तिथेच राहते; मग पुन्हा अ‍ॅसिड. पंधरा-सोळा संध्याकाळी यात जातील.

कठिणता कमी करणारे स्वस्त औषध नाही. पीएच ७.२ ते ७.४ च्या दरम्यान राखलास तर टाइलवर पांढरे थर धरणार नाहीत, आणि पुढच्या पावसाळ्यात छताचे स्वच्छ पाणी तलावात वळवलेस तर आकडा आपोआप उतरेल.

आता माझी चूक सांगतो. पुरवठादाराने गेल्या वर्षी टीसीसीएच्या, म्हणजे सावकाश विरघळणाऱ्या क्लोरीनच्या, गोळ्या दिल्या आणि "तरंगत्या डब्यात टाका आणि विसरून जा" असे सांगितले. मी खरोखरच विसरलो. या गोळ्यांमधून क्लोरीनबरोबर सायन्यूरिक अ‍ॅसिड, म्हणजे स्टॅबिलायझर, पाण्यात उतरते: दर १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ६ पीपीएम. थोडे असेल तर ते क्लोरीनला उन्हापासून वाचवते. पण क्लोरीन खर्च होते आणि हे मात्र साचत जाते. एप्रिलमध्ये पाणी हिरवट झाले. तपासणीच्या नळीत पिवळा रंग ठसठशीत येई, क्लोरीन ३ पीपीएम दिसे, आणि तरी भिंतीवरून बोट फिरवले की शेवाळाची बुळबुळ हाताला लागे. माळ्याने तुरटी फिरवली, कोणी मोरचूद टाकायला सांगितले (पोहणाऱ्यांचे केस हिरवे होतात ते त्यातल्या तांब्याने, दोष मात्र क्लोरीनला मिळतो). शेवटी स्टॅबिलायझरची चाचणी मागवली. तिच्या नळीच्या तळाशी एक काळा ठिपका असतो. औषध मिसळून गढूळ झालेले पाणी त्यात हळूहळू ओतायचे आणि ठिपका दिसेनासा झाला की बाजूची रेघ वाचायची. माझा ठिपका शंभराच्या रेघेआधीच गडप झाला. नमुन्यात निम्मे साधे पाणी मिसळून पुन्हा पाहिले तेव्हा ८० आले, म्हणजे खरा आकडा १६०. क्लोरीन स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्के तरी असावे लागते. मला १२ हवे होते, होते ३.

त्यावर पाणी बदलण्यावाचून इलाज नाही. मे महिन्यात टँकर मागवणे मनाला पटेना, म्हणून तलाव बंद ठेवला. सुट्टीला आलेली नातवंडे काठावर पाय सोडून बसली आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नाहीत. जूनमध्ये माझ्या तलावातल्या ४०,००० पैकी २८,००० लिटर पाणी काढले. तळ पूर्ण उघडा केला नाही, कारण पावसाळ्यात खालून भूजलाचा दाब आला तर तळाला तडे जातात. ३२ चौरस मीटर तोंडाचा हा खड्डा भरायला पावणेनऊशे मिलीमीटर पाऊस पुरतो, आणि तो जुलैअखेर पडून गेला. स्टॅबिलायझर पन्नासच्या आत आले, मात्र पावसाच्या मऊ पाण्याने अल्कलिनिटी ४० वर आणून ठेवली. ती ९० वर नेण्यासाठी साडेतीन किलोच्या आसपास खाण्याचा सोडा दोन हप्त्यांत टाकावा लागला. तुझे दुखणे माझ्या अगदी उलट आहे, म्हणून माझी मात्रा तू उचलू नकोस.

आता क्लोरीन. स्टॅबिलायझर एकदाच, ९०० ग्रॅम, म्हणजे ३० पीपीएम होईल. त्यानंतर गोळ्या नकोत, आणि कॅल्शियमयुक्त ब्लीचिंग पावडरही नको, कारण कठिणता तुझ्याकडे आधीच रगड आहे. १० टक्क्यांचे द्रव हायपोक्लोराइट घे. त्याचे ३०० मिलीलिटर तुझ्या तलावात १ पीपीएम वाढवते. सूर्य मावळल्यावर टाक आणि आकडा ३ च्या आसपास ठेव. हे औषध कॅनमध्ये पडल्या पडल्या विरत जाते, म्हणून पंधरा दिवसांपुरतेच आण. चाचणीसाठीचा नमुना पाणी परत येणाऱ्या नळीच्या तोंडापासून लांब, कोपरभर खोलीवरून घे, आणि पिवळ्या रंगाऐवजी गुलाबी रंगाची डीपीडी चाचणी वापर. पिवळी चाचणी कामाचे आणि निकामी क्लोरीन वेगळे दाखवत नाही.

तुझ्या कंत्राटदाराने भरणीच्या दिवशी काही गोळ्या टाकल्या होत्या असे तू ओझरते लिहिले आहेस. त्यांच्या डब्यावरचे नाव आणि किती टाकल्या ते कळव. त्या टीसीसीएच्या असतील तर वरचे ९०० ग्रॅम कमी करावे लागतील.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
कर्जतकर