कोरियन वय आणि आडनाव : जुनी माहिती छापू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोरियन मालिका घराघरांत पोहोचल्यापासून तिथल्या चालीरीतींवर मराठी पुरवण्यांत बरेच छापून येते. बंद खोलीत पंखा लावून झोपले तर जीव जातो ही समजूत, लिफ्टमध्ये चारच्या जागी ‘एफ’ (चार आणि मृत्यू या दोन्हींचा उच्चार ‘सा’), हे नेहमीचेच. त्याबद्दल तक्रार नाही. पण वय आणि लग्न या दोन बाबतींत दिली जाणारी माहिती बरीच शिळी असते, म्हणून हे पत्र.

‘कोरियन माणूस आपल्यापेक्षा एक-दोन वर्षांनी मोठा’ हे अजूनही वर्तमानकाळात लिहिले जाते. जुन्या हिशेबात मूल जन्मतःच एक वर्षाचे धरत आणि १ जानेवारीला सगळ्यांचे वय एकदम वाढे. ३१ डिसेंबरला जन्मलेले बाळ दुसऱ्याच दिवशी दोन वर्षांचे. २८ जून २०२३ पासून कायदा बदलला. आता करारात, सरकारी कागदात नुसते ‘वय’ लिहिले असेल तर ते वाढदिवसाप्रमाणे पूर्ण झालेले वय, म्हणजे ‘मान नाई’.

मात्र तिसरा एक हिशेब शिल्लक आहे, आणि घोटाळा तिथेच होतो. दारू, सिगारेट आणि लष्करी सेवेसाठी चालू सालातून जन्मसाल वजा करतात, वाढदिवस बघतच नाहीत. दारूसाठी ही वजाबाकी एकोणीस यावी लागते. २००७ साली जन्मलेला कुणीही, मग जन्म जानेवारीचा असो की डिसेंबरचा, १ जानेवारी २०२६ पासून दारू विकत घेऊ शकतो. २००८ चा असेल तर वाढदिवस होऊन अठरा पूर्ण झाले तरी त्या वर्षी नाही. तिथे शिकायला जाणाऱ्या मुलांनी हे पक्के लक्षात ठेवावे.

रोजच्या बोलण्यात तर जन्मसालच चालते. पहिल्या भेटीत वय विचारतात त्याचे आपल्याला नवल वाटते, पण तो भोचकपणा नव्हे. आपल्याकडे ‘अरे’ म्हणायचे की ‘अहो’ हे ठरल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही, तसेच ते. एकाच सालचे असतील तर ‘छिंगू’, म्हणजे बरोबरीचे. एका सालाने जरी मोठा असला तरी मुलगा त्याला ‘ह्यॉंग’ म्हणणार आणि मुलगी ‘ओप्पा’. म्हणून रांजणगाव-तळेगावच्या कोरियन कंपन्यांत काम करणाऱ्यांनी वय सांगण्यापेक्षा जन्मसाल सांगावे. वृत्तपत्रांनीही कोरियन कलावंतांचे जन्मसालच छापावे.

दुसरी बाब लग्नाची. ‘किम आडनावाचे दोघे लग्न करू शकत नाहीत’ हे तर कधीच खरे नव्हते. दर पाच कोरियनांत एक किम. तसे असते तर अनर्थ झाला असता. आडनावाबरोबर ‘बोनग्वान’, म्हणजे कुळाचे मूळ गाव, धरले जाते. ग्योंगजूच्या किमने किमहेच्या किमशी लग्न केले तर हरकत नव्हती. आडनाव आणि मूळ गाव दोन्ही एक असेल तर मात्र मनाई होती, आणि एकट्या किमहे किम कुळातच चाळीस लाखांहून अधिक माणसे! अशा जोडप्यांच्या लग्नाची नोंदच होत नसे. १९७८, १९८८ आणि १९९६ या तीन वर्षी त्यांना नोंदणीची तात्पुरती सवलत दिली गेली. १६ जुलै १९९७ ला घटना न्यायालयाने ही बंदी घटनेशी विसंगत ठरवली आणि २००५ मध्ये कायद्याची भाषा बदलली. आपल्याकडे सगोत्र विवाहाची अडचण १९४६ च्या कायद्याने दूर झाली होती, हे मराठी वाचकाला सांगण्यासारखे आहे.

आज तिथे बंदी आहे ती आठ ‘छोन’पर्यंतच्या रक्ताच्या नात्यात. मोजायचे कसे? आपल्यापासून समान पूर्वजापर्यंत चढायचे आणि पुढच्या व्यक्तीपर्यंत उतरायचे. प्रत्येक पायरी एक छोन. सख्खे भावंड दोन, काका तीन, चुलत भावंड चार. आठ छोन म्हणजे दोघांचे खापरपणजोबा एक. आपल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातली सपिंडाची (लग्नाला वर्ज्य अशा रक्तनात्याची) मर्यादा वडिलांकडून मोजली तर तीही खापरपणजोबांपर्यंतच जाते. फरक आईच्या बाजूचा. आपल्याकडे तिथे तीनच पिढ्या, शिवाय रूढी असेल तर मोकळीक. म्हणून जिथे तशी रूढी आहे तिथे मामाची मुलगी करता येते. कोरियात मामेबहीण चार छोनवर, त्यामुळे ते लग्न होऊच शकत नाही. २०२२ मध्येही घटना न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. मात्र असे झालेले प्रत्येक लग्न सरसकट रद्दबातल धरण्याला आक्षेप घेतला.

आणखी एक. लग्नानंतर कोरियन बाई आडनाव बदलत नाही, मुलांना मात्र वडिलांचे लागते. आईचे लावायचे तर विवाहनोंदणीच्या अर्जातच त्यासाठी एक प्रश्न असतो: ‘मुलांनी आईचे आडनाव आणि मूळ गाव लावावे असे ठरले आहे काय?’ मूल होण्याच्या आधी, नोंदणीच्या खिडकीपाशीच त्याचे उत्तर द्यावे लागते. ‘नाही’वर खूण केली आणि पुढे विचार बदलला, तर कुटुंब न्यायालयात जावे लागते. कोरियन जोडीदाराशी लग्न नोंदवणाऱ्या मराठी मुलामुलींनी सही करण्याआधी हा रकाना वाचून घ्यावा.

आपला,
एक वाचक, पुणे